उलटा लागलेला स्पीकर

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावच्या भजनी मंडळाचे बुवा दुकानात आले. स्पीकरच्या दोन पेट्या आणि अँप्लिफायर, म्हणजे त्यांच्या भाषेत 'मशीन', सगळं टेम्पोत घालून. म्हणाले, "ताई, पखवाजाची शाई कडक ऐकू येते, पण धुमा गायब. मशीन लहान पडतंय. मोठं द्या." शाई म्हणजे पखवाजाची काळा लेप असलेली, टणक बोलणारी बाजू. धुमा म्हणजे कणीक लावलेली, खोल घुमणारी बाजू.

मी मोबाइलवरचा एक अभंग लावला आणि दोन पेट्यांच्या मधोमध उभी राहिले. आवाज पोकळ, जसा रिकाम्या डब्यातून यावा. मग एका पेटीची वायर काढली, तर उरलेल्या एकट्या पेटीतून धुमा चांगला घुमायला लागला! दोन पेट्यांपेक्षा एकीचा आवाज भरीव येत असेल तर मशीन बदलून काय होणार?

मी नववीत असताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दाखवलेली तपासणी मी आजही तशीच करते. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्यायचा. पेटीच्या लाल टोकाला प्लस, काळ्याला मायनस, नुसतं क्षणभर टेकवायचं. कोनावर, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या हलत्या पडद्यावर, बोट हलकं ठेवलं की कळतं, तो 'टक्' करून पुढे येतो. सेल उलटा धरला तर आत जातो.

स्पीकरचं सगळं काम या एका 'टक्'मध्ये आहे. कोनाच्या मागे तांब्याच्या बारीक तारेची कॉइल चिकटवलेली असते आणि ती मॅग्नेटच्या गोल फटीत अधांतरी असते, कुठेही न घासता. कॉइलमधून करंट गेला की मॅग्नेट तिला ढकलतो, करंट उलटा फिरला की ओढतो. कोन तिच्यासोबत हलतो, हवा दाबतो, सोडतो. धुम्याचा घुमारा सेकंदाला शंभरच्या आसपास कंपनांचा धरला, तर कोनही तितक्याच वेळा पुढे-मागे होतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली मांडलेली ही रचना. माझ्या टेबलावर आजही तीच उघडी पडलेली असते.

बुवांची पहिली पेटी बरोबर होती. दुसरीला सेल लावला आणि कोन आत गेला. पेटी उघडली. कधीतरी कोणीतरी कोन बदलून दिला होता आणि आतल्या दोन वायरी अदलाबदल करून सोल्डर केल्या होत्या. म्हणजे एक पेटी हवा पुढे ढकलत होती तेव्हा दुसरी तीच हवा मागे ओढत होती. धुम्याची लाट तीन मीटरहून लांब, पेट्या एकमेकींपासून चार हातांवर, त्यामुळे पेट्यांसमोर मधोमधच्या भागात दोघींचा जोर एकमेकींना मारत होता. शाईच्या बोलांतल्या कडक आवाजाच्या लाटा त्यामानाने खूप आखूड. त्या एखाद्या जागी दबतात, हातभर सरकलं की पुन्हा ऐकू येतात. म्हणून ते बोल वाचले.

मला वाईट वाटलं ते पखवाजवाल्या काकांचं. बुवा सांगत होते, ते बिचारे धुम्याची कणीक तीन तीनदा काढून पुन्हा लावत होते, हात दुखेपर्यंत वाजवत होते. आपलाच हात उतरला असं त्यांना वाटत होतं.

दोन वायरी सोडवल्या, जागा बदलून पुन्हा सोल्डर केल्या. दहा मिनिटांचं काम. दोन्ही पेट्या लावल्यावर दुकानाच्या शटरचा पत्रा थरथरायला लागला. बुवांनी तिथूनच काकांना फोन लावला आणि फोन पेटीसमोर धरला.

नवीन मशीन त्यांनी नेलं नाही. जाताना पेन्सिल सेल तेवढा मागून घेतला.