शनिवार रात्र आणि बोमन ग्रे
आज बऱ्याच वर्षांनी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियमला कार रेस बघायला गेलो आणि पहिल्या मॉडिफाइडचं (उघड्या चाकांची रेसची गाडी) इंजिन गुरगुरलं तसे कॉलेजचे दिवसच आठवले राव. टीव्हीवर नॅसकार (अमेरिकेतल्या कार रेस) म्हणजे भलेमोठे अंडाकृती ट्रॅक, इथे फुटबॉल ग्राउंडभोवती पाव मैलाचा सपाट ट्रॅक, वळणावर उतार असा नाहीच, त्यामुळे पुढे जायचं तर समोरच्याच्या बंपरला ढोसायचं, आणि ज्याला ढोसलं तो पुढच्या लॅप्समध्ये हिशोब चुकता करणारच! १९४९ पासून हेच चाललंय. नॅसकारचा दिग्गज ड्रायव्हर रिचर्ड पेटीचा शंभरावा विजयपण इथलाच, १९६९चा. तेव्हा रूममेट्सबरोबर सगळ्यात वरच्या पायरीवर बसायचो, जळक्या रबराचा वास शर्टाला दुसऱ्या दिवशीपर्यंत. पब्लिक अजून तसंच, पुढच्या रांगेतले आजोबा एका ड्रायव्हरला उभं राहून असे बू करत होते की गावच्या बैलगाडा शर्यतीतले आमचे काका आठवले (काका जास्त शिव्या द्यायचे, ते सोडा). लेक कानाला हेडफोन लावून बसलेली, तिने रेसभर शेवटच्या नंबरवरच्या गाडीला सपोर्ट केला, का तर म्हणे ती जांभळी आहे.