आईचं कपाट

आज आईचं कपाट आवरायला घेतलं. तिला जाऊन चार महिने झाले, पण किल्ली हातात घ्यायचा धीर होत नव्हता.

वरच्या कप्प्यात सुईदोऱ्याचा डबा. त्यात बटणंच बटणं! आमच्या शाळेच्या शर्टांची, बाबांच्या कोटाचं एक, माझ्या लेकीच्या झबल्याचं इवलंसं. ती काही टाकून देत नाही, यावरून मी किती भांडलेय तिच्याशी.

साड्यांखाली एक वही सापडली. वाटलं, हिशेबाची असेल. तर नातवंडांच्या नोंदी! कुणाला ताप आला, किती चढला, कुठलं औषध दिलं, कुणाचा पहिला दात कधी पडला. एका पानावर लिहिलंय, ‘आज धाकटीने मला आजी न म्हणता नावाने हाक मारली. रागवायचं होतं, पण हसूच आलं.’ शेवटी शेवटी अक्षर थरथरलेलं, ओळी खाली घसरलेल्या. तारीख मात्र प्रत्येक नोंदीला.

स्वतःबद्दल अख्ख्या वहीत एकच ओळ. ‘गुडघा फार दुखतोय. कुणाला बोलले नाही.’

मी तिथेच जमिनीवर बसले.

लेक शाळेतून आली, शेजारी टेकली, पानं उलटत राहिली. म्हणाली, “आई, मागच्या महिन्यातला माझा ताप यात नाहीये.” आणि पेन घेऊन आलीसुद्धा. “किती होता गं?”

मला आठवेना.

कपाट अजून तसंच उघडं आहे.