काय सोडायचे, हे आधी ठरलेले असावे

गेम, सॉफ्टवेअर आणि अवकाशमोहिमा या माझ्या तीन आवडी एकमेकींपासून वेगळ्या आहेत, असे मला कित्येक वर्षे वाटत होते. दिवसभर प्रोग्रॅम लिहायचे, संध्याकाळी गेम खेळायचा आणि एखादे यान कुठे उतरणार असेल तर रात्र जागून ते पाहायचे, असा माझा क्रम होता. या तिन्हींची गाठ कुठे पडते याचा विचार मी कधी केला नव्हता. अपोलो ११ मोहिमेतील संगणकाविषयी सविस्तर वाचले तेव्हा ती गाठ दिसली, आणि तेव्हापासून कोणतेही सॉफ्टवेअर हाताळताना माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की, वेळ कमी पडला तर हे काय सोडून देईल?

‘ईगल’ हे यान चंद्रावर उतरवणाऱ्या त्या संगणकाकडे बदलता येण्याजोगी मेमरी अवघी २,०४८ शब्दांची होती आणि कायमस्वरूपी मेमरी ३६,८६४ शब्दांची (‘शब्द’ म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तेवढा शून्य-एकचा गट). ही दुसरी मेमरी खरोखरच ओवलेली असे. तार चुंबकीय कड्यातून गेली तर एक आणि कड्याच्या बाहेरून गेली तर शून्य, अशा रीतीने संपूर्ण प्रोग्रॅम विणला जाई. २० जुलै १९६९ रोजी यान चंद्रपृष्ठापासून सुमारे १० किलोमीटर उंचीवर असताना संगणकाच्या पटलावर १२०२ हा आकडा झळकला. नवे काम हाती घ्यायला जागा उरलेली नाही, असा त्याचा अर्थ होता. परतीच्या वेळी मुख्य यानाचा माग काढण्यासाठी जे रडार होते, त्याच्या विद्युतपुरवठ्याचा ताल संगणकाकडील पुरवठ्याशी जुळलेला नव्हता. त्यामुळे रडारचा कोन सतत बदलत असल्याचे भासवणारे निरर्थक स्पंद संगणकाकडे अखंड येत होते आणि ते मोजण्यातच त्याचा १३ ते १५ टक्के वेळ खर्ची पडत होता. उतरण्याचे गणित दर दोन सेकंदांनी नव्याने मांडायचे असे, आणि पहिले गणित पुरे होण्याआधीच दुसरे दारात येऊन उभे राहू लागले.

अशा प्रसंगी सामान्य संगणक गोठून बसला असता. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील हॅल लॅनिंग यांनी रचलेल्या पद्धतीत मात्र प्रत्येक कामाला प्राधान्यक्रम दिलेला होता, आणि मार्गारेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखालील चमूने लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये रीस्टार्ट झाल्यावर कोणते काम कुठून पुढे चालू करायचे, याची नोंद जागोजागी ठेवलेली होती. संगणकाने सगळी कामे टाकून दिली, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच स्वतःला पुन्हा सुरू केले आणि फक्त अत्यावश्यक कामे उचलली. इंजिन चालू राहिले, दिशा राखली गेली, आणि पटलावर अधिकची माहिती दाखवण्यासारखी गौण कामे गळून पडली. हे एकदाच घडले नाही. १२०२ चा इशारा चार वेळा आला आणि त्याच जातीचा १२०१ चा एकदा, आणि प्रत्येक वेळी यान खाली उतरतच राहिले.

जमिनीवरची गोष्ट मला याहूनही मोलाची वाटते. काही दिवस आधीच्या सरावात असाच एक इशारा आल्यावर नियंत्रण कक्षाने विनाकारण मोहीम सोडून देण्याचा आदेश दिला होता. त्या चुकीनंतर २४ वर्षांच्या जॅक गार्मन या अभियंत्यांनी सर्व इशाऱ्यांची हाताने लिहिलेली यादी तयार केली, कोणत्या इशाऱ्यावर पुढे जायचे आणि कोणत्यावर थांबायचे हे त्यात मांडले, आणि प्रत्यक्ष उतरताना ती यादी त्यांच्यासमोर होती. ‘संगणक बिघडला आणि माणसांनी निभावून नेले’ असे या प्रसंगाचे वर्णन अनेकदा वाचायला मिळते. मला ते मुळीच पटत नाही. तो संगणक आपले काम चोख करत होता, आणि काय सोडायचे याचा निर्णय यंत्रात आणि माणसांच्या कागदावर, अशा दोन्ही ठिकाणी आधीच झालेला होता.

याच्या नेमके उलट उदाहरण ४ जून १९९६ चे. एरियान ५ या नव्या युरोपीय रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात, जुन्या एरियान ४ मधून जसाच्या तसा घेतलेला एक प्रोग्रॅम चालू राहिला होता. त्याचे काम उड्डाणापूर्वी उपकरणांची दिशा जुळवून घेण्याचे, म्हणजे रॉकेटने जमीन सोडल्यावर त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. नवे रॉकेट जुन्यापेक्षा आडव्या दिशेने अधिक वेगाने जात होते. तो वेग दाखवणारी ६४ बिटांची, म्हणजे शून्य-एकच्या ६४ घरांची, संख्या १६ बिटांच्या जागेत कोंबताना ती मावली नाही, दिशादर्शनाच्या दोन्ही यंत्रणा एकच प्रोग्रॅम चालवत असल्यामुळे दोन्ही बंद पडल्या, आणि ४० सेकंदांच्या आत रॉकेटचे तुकडे झाले. चूक आकडा न मावण्याची होती हे सगळे सांगतात. मला त्या अनावश्यक कामाचे अधिक वाईट वाटते, कारण ते वेळीच थांबवले असते तर तो आकडा कितीही मोठा झाला असता तरी काही बिघडले नसते.

गेम लिहिणाऱ्यांना हा विचार रोजच करावा लागतो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एकामागून एक ६० चित्रे, दाखवायच्या असतील तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि त्या वेळेत खेळाडूने काय केले ते पाहणे, वस्तू हलवणे, टकरी तपासणे आणि चित्र काढणे हे सगळे उरकायचे असते. मी स्वतः फावल्या वेळात गोडो या गेम तयार करण्याच्या मुक्त इंजिनवर लघुग्रहांचा एक छोटा गेम लिहीत होतो. पडद्यावर ६०० लघुग्रह आणले आणि खेळ अडखळू लागला. मोजमाप घेणारे साधन उघडले तेव्हा एका फ्रेमचा उभा पट्टा जवळपास संपूर्ण एकाच रंगाचा होता, आणि तो रंग टकरी तपासण्याचा होता. प्रत्येक लघुग्रह इतर प्रत्येकाशी ताडून पाहायचा म्हणजे १,७९,७०० जोड्या, आणि त्याही दर फ्रेमला. मी संगणकाला दोष देत होतो, पण त्या जोड्यांपैकी बहुतेक पडद्याच्या दोन टोकांना होत्या आणि त्यांची टक्कर होणे शक्यच नव्हते. अवकाशाचे चौकोन पाडले, शेजारच्या चौकोनांपुरतीच तपासणी ठेवली, दूरच्या लघुग्रहांकडे दर दहाव्या फ्रेमलाच पाहायचे ठरवले, आणि तोच खेळ त्याच संगणकावर सुरळीत चालला. एकही लघुग्रह कमी करावा लागला नाही.

मर्यादेतून कधी कधी खेळच जन्माला येतो. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्स या गेममध्ये शत्रू कमी होतील तसे उरलेले अधिक वेगाने सरकू लागतात, ते मुळात प्रोसेसरवरचा भार हलका होत गेल्यामुळे. गेमचे निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसेच राहू दिले, आणि शेवटच्या शत्रूच्या वेळी छातीत होणारी धडधड त्यातून आली.

या बाबतीत माझे सर्वांत आवडते उदाहरण कर्बल स्पेस प्रोग्रॅम हा रॉकेट बांधून उडवण्याचा गेम आहे. २०११ मध्ये लोकांसमोर आलेल्या आणि २०१५ मध्ये पूर्णत्वाला गेलेल्या या गेमने मला कक्षांचे गणित जितके शिकवले तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवले नाही. पुढे असलेल्या यानाला गाठायचे असेल तर त्याच्या दिशेने इंजिन चालवून उपयोग नसतो, कारण वेग वाढवला की कक्षा उंचावते, फेरीला अधिक वेळ लागतो आणि आपण मागेच पडतो. गाठायचे असेल तर वेग कमी करून खालच्या कक्षेत यावे लागते. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ या यानातील अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाऊ पाहत होते तेव्हा त्यांना हाच अनुभव आला होता. हे वाचून कळते, पण अंगवळणी पडते ते समोरचे यान दहाव्यांदा निसटून गेल्यावर.

या गेममध्ये कोणत्याही क्षणी यानावर एकाच ग्रहाचे, उपग्रहाचे किंवा सूर्याचे गुरुत्वाकर्षण काम करते, बाकीची सोडून दिलेली असतात. ही सोडलेली बाजू लहान नाही. सूर्य आणि पृथ्वी या दोहोंच्या ओढीमुळे तयार होणारे लॅग्रांज बिंदू, म्हणजे यान दोघांच्या तुलनेत जागच्या जागी राहू शकते अशी ठिकाणे, त्यामुळे मूळ गेममध्ये अस्तित्वातच नाहीत, आणि जेम्स वेब दुर्बीण जिथे आहे, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, तशी जागा तिथे सापडत नाही. पण त्या बदल्यात कक्षा केप्लरच्या सूत्रांनी थेट काढता येते, आणि काळ एक लाख पटींनी पुढे पळवला तरी यान आपल्या मार्गावरून ढळत नाही. हा सौदा मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. गेममध्ये यान जिथून उडते त्या ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर आहे. ग्रहाच्या केंद्रापासून ६०० किलोमीटरवरचे स्थान मीटरमध्ये ३२ बिटांच्या दशांश संख्येने लिहिले, तर लगतच्या दोन संख्यांमधले अंतर सव्वासहा सेंटिमीटर होते. म्हणजे यानाचा एखादा सांधा चार सेंटिमीटर हलला, तर संगणकाला तो एक तर हललाच नाही असे मानावे लागते किंवा सव्वासहा सेंटिमीटर हलला असे. आरंभबिंदूपासून जसजसे दूर जावे तसतशी ही चूक वाढते, सांधे थरथरू लागतात आणि यान काहीही कारण नसताना फुटते. खेळाडूंनी या प्रकाराला ‘क्राकेन’ हे समुद्री राक्षसाचे नाव दिले. त्यावरचा उपाय असा की यानाला मोजमापाच्या मध्याजवळच ठेवायचे आणि बाकीचे विश्व त्याच्याभोवती सरकवायचे. अचूकता सगळीकडे सारखी असावी हा हट्ट सोडला, म्हणून खेळाडू जिथे आहे तिथे ती भरपूर मिळाली.

याच कारणाने मी गेमच्या सेटिंगमध्ये पहिल्यांदा सावल्यांची गुणवत्ता कमी करतो आणि फ्रेमचा वेग स्थिर करतो. डोळे दिपवणारे प्रतिबिंब असलेला पण अडखळणारा खेळ मला थकवतो. सेकंदाला ३० फ्रेम ठाम मिळत असतील तर त्या मला ६० आणि ४० यांच्यामध्ये हेलकावणाऱ्या फ्रेमपेक्षा अधिक सुखाच्या वाटतात. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांच्याशी या विषयावर वाद घालायला मी नेहमी तयार असतो.

रोजच्या वापरातील सॉफ्टवेअरबद्दल मात्र माझी तक्रार गंभीर आहे. टिपणे ठेवण्याचे एक अ‍ॅप मी बरीच वर्षे वापरत होतो. हळूहळू ते उघडताना आधी खाते तपासू लागले, मग सर्व्हरवरून जुळवाजुळव करू लागले, मग नव्या सोयींची माहिती देणारी चौकट दाखवू लागले, आणि या सगळ्यानंतर अक्षरे टाइप करता येऊ लागली. नेट नसले तर तेवढेही नाही. डोक्यात आलेली ओळ कागदावर उतरेपर्यंत टिकत नसते, म्हणून तर टिपण करायचे. इथे टाइप करण्याला सगळ्यात वरचे प्राधान्य हवे होते आणि बाकीचे मागाहून, सवडीने व्हायला हवे होते. मी आता साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितो. ती उघडते आणि कर्सर लुकलुकत असतो, इतकेच मला हवे होते.

चांद्रयान २ आणि ३ यांच्यातील फरकही मी याच दृष्टीने पाहतो. सप्टेंबर २०१९ मध्ये विक्रम लँडरच्या इंजिनांनी अपेक्षेपेक्षा अधिक जोर लावला, चुका साठत गेल्या, आणि त्या दुरुस्त करायला यान किती वेगाने वळू शकते यावर सॉफ्टवेअरचीच मर्यादा होती. त्यातच उतरण्याची जागा ५०० मीटर लांब आणि तेवढीच रुंद ठरवून दिलेली होती. जमीन जवळ येत असताना वेग कमी करणे आवश्यक होते, आणि ठरलेली जागा गाठण्यासाठी तो वाढवणे. त्या सॉफ्टवेअरला जागा सोडण्याची मुभाच नव्हती. चांद्रयान ३ साठी तेच क्षेत्र ४ किलोमीटर गुणिले २.४ किलोमीटर इतके मोठे केले गेले, आणि काय काय बिघडू शकते हे धरून आखणी झाली. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी वेगाची रेषा शून्याकडे झुकत होती तेव्हा मी पडद्याकडे पाहताना मनात त्या वाढवलेल्या चौकोनाचाच विचार करत होतो.

सूर्यमालेबाहेरच्या ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचलेल्या व्हॉयेजर १ या यानाविषयी मी अधूनमधून वाचत असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या यानाकडून अर्थ लागणारी माहिती येणे थांबले. एका चिपमधील बिघाडामुळे माहितीची जुळणी करणाऱ्या संगणकाची सुमारे ३ टक्के मेमरी निकामी झाली होती, आणि तिथला प्रोग्रॅम अखंड मावेल अशी दुसरी जागा शिल्लक नव्हती. तंत्रज्ञांनी त्याचे तुकडे केले, ते मिळेल त्या फटींत बसवले आणि ते एकमेकांना सापडतील अशी व्यवस्था केली. १८ एप्रिल २०२४ रोजी पहिला तुकडा पाठवला. यान तेव्हा २,४०० कोटी किलोमीटरहून दूर असल्याने संदेश पोहोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तितकेच लागत होते. २० एप्रिलला उत्तर आले.

त्या यानाची वीज दरवर्षी सुमारे ४ वॅटने घटते, आणि गेली कित्येक वर्षे एकेक उपकरण क्रमाने बंद केले जात आहे. कॅमेऱ्यांची पाळी फार आधी आली. १४ फेब्रुवारी १९९० रोजी सुमारे ६०० कोटी किलोमीटर अंतरावरून त्यांनी पृथ्वीचे छायाचित्र घेतले, ज्यात ती एका पिक्सेलहूनही लहान आहे, आणि त्याच दिवशी ते बंद केले गेले. कॅमेरे अजूनही यानावर आहेत. त्यांना चालवणारे सॉफ्टवेअर मात्र मेमरीतून काढून टाकलेले आहे, आणि ती मेमरी व वीज ताऱ्यांमधल्या अवकाशातील कण मोजणाऱ्या उपकरणांसाठी राखली गेली.