शिकस्त वर्गखोलीचं निर्लेखन : माझा अनुभव

पडायला आलेली खोली दप्तरातून कमी करून पाडायलाही परवानगी लागते, तिलाच निर्लेखन म्हणतात, आणि ही परवानगी भलतीच चिवट असते, हे मला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झाल्यावर कळलं. वऱ्हाडातलं आमचं गाव, पहिली ते चौथीची जिल्हा परिषद शाळा, दोन शिक्षक. एका खोलीच्या भिंतीला पोट आलेलं, वरचे कवेलू सरकलेले. विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी, म्हणजे पोरं आणि पाऊस एकदमच येतात.

समितीचा ठराव झाला, ग्रामसभेचाही झाला. (समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. त्यामुळे कापूस वेचणीच्या दिवसांत बैठक रात्री जेवणं झाल्यावर घ्या, नाहीतर नुसतं रजिस्टर सह्यांसाठी घरोघरी फिरतं.)

फाईल अडली ती ‘बांधकाम वर्ष’ या रकान्यावर. शाळेच्या दप्तरात नोंद नाही, ग्रामपंचायतीत नाही. खोली जिल्हा परिषदेची, आणि तिचंच कार्यालय आम्हाला वर्ष विचारत होतं! तिथले बाबू म्हणायचे, “भाऊ, वर्षाशिवाय आयुर्मान कसं काढाचं?” अंदाजे लिहितो म्हटलं तर “पुरावा आणा.” साहेब दौऱ्यावर, नाहीतर मीटिंगमध्ये. फवारणी सोडून मी त्यांच्या बाकड्यावर बसायचो आणि आतल्या आत जळायचो. समितीतल्या एक काकू एकदा सोबत आल्या आणि भर कार्यालयात म्हणाल्या, “पोट्ट्यायच्या डोक्स्यावर पडन, तवा पायसान का मंग वर्ष?” बाबू खाली मान घालून स्टेपलर शोधायला लागले. वर्ष मात्र हवंच होतं.

तोवर दोन वर्ग एका खोलीत, दोन व्हरांड्यात. पहिलीच्या लेकरांना त्या भिंतीकडे फिरकू द्यायचं नाही, हे काम चौथीच्या पोरांनी अंगावर घेतलं, आणि आमच्यापेक्षा कडक केलं.

त्याच खोलीत शिकलेले एक आजोबा म्हणाले, दाराच्या वरच्या दगडावर काहीतरी कोरलेलं होतं. गुरुजी शिडीवर चढले. पिवळा ऑइल पेंट, खाली निळा, त्याखाली चुन्याचे थर. खरवडता खरवडता निघालं ‘1964’. जिल्हा परिषदाच मुळी 1962 च्या, म्हणजे खोली त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान! फोटो काढून त्याच दिवशी जोडला. पुढचं मोजमाप, अभियंत्याचा अहवाल, मंजुरी सरळ झाली.

कागद दिला की पोच घ्याच, आवक क्रमांकासकट. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात. आम्हाला तो टाकावा लागला नाही, पण भरून खिशात ठेवला होता. ठरावात खोलीची लांबी-रुंदी लिहा, नुसतं ‘जुनी खोली’ चालत नाही.

आणि हो, पाडल्यावर निघणाऱ्या छपराच्या सागवानी फाट्यांवर अर्ध्या गावाचा डोळा असतो. माल जिल्हा परिषदेचा, लिलावानेच जातो. आमच्याकडे रात्रीची राखण पालकांनी पाळीपाळीने केली. एक फाटा हलला नाही.