दोरीला टांगलेला पाऊस

जुलैअखेरीस बेळगावला उतरलो तेव्हा पाऊस उघडायचं नावच घेत नव्हता. शहापूरच्या घरी दुसऱ्याच सकाळी लेकीनं आज्जीचे कानवाले कप पडवीतल्या कपड्यांच्या दोरीला टांगले आणि लाकडी चमच्यानं वाजवायला घेतले.

बाबा आले. "काय करूलीस गं?"

"पाऊस पाडतेय, आज्जा."

हा पाऊस ती इंग्लंडातून घेऊन आली होती. आम्ही राहतो त्या सफक परगण्यातल्या लोस्टॉफ्टला १९१३ साली बेंजामिन ब्रिटन जन्मले. मोठे संगीतकार. १९३६ मध्ये टपालगाडीवरच्या 'नाइट मेल' या माहितीपटाला त्यांनी संगीत दिलं. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्रीत नवं कॅथेड्रल उभं राहिलं तेव्हा, १९६२ साली, त्यांचा 'वॉर रेक्विएम', म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेची संगीतरचना, तिथं प्रथम सादर झाला. पण मला त्यांची सगळ्यात जवळची वाटते ती बायबलमधल्या नोआच्या महापुराची संगीतिका, 'नॉइज फ्लड'. १८ जून १९५८ ला ती ऑर्फर्ड गावच्या चर्चमध्ये पहिल्यांदा झाली. गोष्ट ऐकताना आपल्याला मनू आणि मत्स्य आठवल्याशिवाय राहत नाही.

व्यावसायिक कलाकार त्यात मोजकेच, बाकी सगळी गावची पोरं. व्हायोलिनचे तीन भाग, तिसरा नवशिक्यांसाठी. त्यात मोकळ्या तारा छेडल्या तरी भागतं, बोटं दाबायचं ओझं नाही. कुणी रेकॉर्डर नावाची बासरी फुंकतं, कुणी बिगुल, कुणी हातघंटा हलवतं. पावसाचे पहिले थेंब पडतात ते दोरीला टांगलेल्या कपांवर. ही कल्पना ब्रिटनना त्यांच्या सहकारी संगीतकार इमोजेन होल्स्ट यांच्याकडून मिळाली. मग वादळ वाढत जातं. खाली मंद्रात एकच चाल फिरून फिरून येते, तबल्याच्या सोलोला नगमा धरतात ना, तशी, आणि तिच्यावर सगळा कल्लोळ रचला जातो. ऐन भरात बाकांवरचे श्रोतेही उठून प्रार्थना गातात. आमच्या गावच्या चर्चमध्ये मीही गायलो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचा आवाज कापत होता, तरी त्या एकही ओळ सोडत नव्हत्या. समोर कपांपाशी माझी लेक ओठ हलवत मात्रा मोजत उभी होती. तिच्या वाट्याला स्वर थोडेच, पण ती चुकली असती तर पाऊस चुकला असता. सोपं लिहिलंय, पण फालतू काही लिहिलेलं नाही. या माणसाचं मोठेपण मला तिथं दिसतं.

हे सगळं बाबांना सांगितलं. चाळीस वर्षं भजनी मंडळात काढलेला माणूस. ते म्हणाले, "सूर नसलेल्याला आम्ही टाळ देतोय. पन टाळ चुकला तर आख्खं भजन पडतंय की."

एकादशीला संध्याकाळी मंडळ आमच्याच पडवीत बसलं. पखवाजवाल्या काकांनी स्वयंपाकघरातले सगळे कप कानाशी धरून वाजवून पाहिले आणि त्यांतले पाच पेटीच्या सुरांना जुळवून निवडले. दोरी त्यांनीच बांधली. लेकीला सांगितलं, "समेवर ये. आधी नको."

पत्र्यावर धो धो पाऊस चालला होता. पहिली दोन आवर्तनं ती चमचा वर धरून थांबली. तिसऱ्याला काकांनी मान हलवली, आणि ती आली.