आधी पत्ता सांगा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं असताना पण विचारून झालाय. एका आर्किटेक्टकडे 22 वर्षं ड्रॉइंगं काढली ना, त्यामुळे सगळ्यांना वाटतं हिला माहीत असणार. प्रश्न असा, की पुण्यात मस्त रुंद रस्ता चाललेला असतो आणि मधेच भिंत येते, नाहीतर काटकोनात वळून त्याचा बोळ होतो, हे असं का? प्लॅनिंग नावाची गोष्ट कुणी केलीच नाही का?

मी उलट विचारते, तुमचा पत्ता काय? पूर्ण सांगा, नंबरासकट.

कारण पुण्यात पत्त्यावरून कळतं की तिथे आधी रस्ता आला का आधी घर. नुसता घर नंबर आणि पेठ असेल, समजा सदाशिव पेठ, तर ते बहुतेक पेशवाईतलं. पेठ वसवायची म्हणजे कुणाला तरी सनद द्यायची, येणाऱ्यांना सुरुवातीला करात सूट द्यायची, आणि पाणी आणायचं. कात्रजच्या तलावातून नळानं पाणी आणून हौदांत सोडलं ते नानासाहेबांच्या काळात, आणि त्या बाजूला वस्ती वाढायला त्या पाण्याचा फार मोठा हात आहे. बोळ अरुंद आहेत ते माणसं, घोडी आणि पालख्यांच्या मापाचे आहेत, तेव्हा कुणाच्या डोक्यात फोरव्हीलर असणार होती?

पत्त्यात फायनल प्लॉट नंबर असेल तर तुम्ही नशीबवान. शिवाजीनगरकडे, म्हणजे जुन्या भांबुर्ड्यात, असे पत्ते सापडतात. ही टीपी स्कीम, 1915 च्या टाउन प्लॅनिंग कायद्यातली. आयडिया साधी आहे आणि मला अजून ती फार हुशार वाटते: सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, आधी रस्ते आणि मोकळ्या जागा काढून घ्यायच्या, मग प्रत्येकाला थोडी कमी पण नीट चौकोनी जमीन परत द्यायची, तोच फायनल प्लॉट. कुणा एकाचंच शेत रस्त्यात जात नाही, सगळ्यांचंच थोडं थोडं जातं. अहमदाबादवाले आजतागायत हेच करत आलेत. आपण मात्र मधल्या काळात हे जवळजवळ सोडून दिलं, आता अलीकडे माण-म्हाळुंग्याकडे परत सुरू केलंय.

सेक्टर नंबर आला की निगडी प्राधिकरण, ब्लॉक आला की भोसरी एमआयडीसी. तिथे सरकारनं आधी जमीन घेतली आणि मग आखली, त्यामुळे रस्ते सरळ. सहकारनगर, गोखलेनगर यांची वाढ 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराशी जोडलेली, ती वेगळीच गोष्ट, कधीतरी निवांत सांगेन.

पण मला विचारणारे शंभरातले नव्वद जण सर्व्हे नंबर नाहीतर गट नंबरवाले असतात. धायरी, आंबेगाव, वाघोली. आणि तिथलं कोडं सोडवायला शहराचा नकाशा घेऊन उपयोग नाही, गावनकाशा लागतो, म्हणजे शेतांच्या हद्दी दाखवणारा जुना नकाशा. सर्व्हे नंबर म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या मोजणीतलं शेत, गट नंबर म्हणजे 1947 च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली जिथे एकत्रीकरण झालं तिथलं शेत. दोन्ही शेतंच. वाटणी करताना भाऊ काय बघायचे? प्रत्येकाला थोडी ओढ्याकाठची काळी, थोडी वरची मुरमाड, आणि विहिरीवर पाळी. मग आडवे तुकडे पाडून कसं चालेल? उभ्या पट्ट्याच पाडाव्या लागतात, लांबच लांब आणि अरुंद. पुढच्या पिढीत त्या पट्टीच्या अजून पट्ट्या. सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर 3/2/1 असं जे तुमच्या अ‍ॅग्रीमेंटवर लिहिलेलं असतं ना, ती एका घरातली भावकी आहे.

आता बिल्डर एक पट्टी घेतो. त्याला रस्ता दाखवावा लागतो, तो आपल्याच हद्दीत दाखवतो, हद्द संपली की रस्ता संपला. पलीकडच्या पट्टीचा मालक अजून विकायला तयार नाही किंवा कोर्टात आहे. डीपीत, म्हणजे विकास आराखड्यात, तिथे 18 मीटरचा रस्ता रंगवलेला असतो हो, मी स्वतः रंगवलेत, पण डीपीतली रेघ म्हणजे फक्त आरक्षण, जमीन ताब्यात येईपर्यंत तिथे ज्वारीच. आणि ही गावं पालिकेत येतात कधी, तर इमारती उभ्या राहिल्यावर. 2017 ला 11 गावं आली, 2021 ला 23, वाघोली त्यातच. एवढी वर्षं जो काही रस्ता होता तो गाडीवाट, पाणंद नाहीतर शिवरस्ता, बैलगाडीच्या मापाचा.

म्हणून प्लॅनिंग नव्हतं असं मी म्हणणार नाही. वाटणीवाल्या भावांनी पण प्लॅनिंगच केलेलं, फक्त ते विहिरीसाठी होतं, डंपरसाठी नव्हतं. मगरपट्ट्यात शंभरवर शेतकरी कुटुंबांनी मिळून सुमारे 400 एकर एकत्र ठेवले म्हणून तिथला रस्ता बांधापाशी अडत नाही. पण ते बहुतांशी एकाच आडनावाचं गणगोत होतं, सगळीकडे असं जमेल असं समजू नका, आमच्याकडे दोन सख्ख्या भावांचं एका बांधावरून पटत नाही.

गेल्या वर्षी भाचीनं पूर्वेला गट नंबरवाल्या पत्त्यावर फ्लॅट घेतला. सोसायटीच्या अलीकडे रस्ता उगाच डावीकडे पोटात गेल्यासारखा वळतो आणि परत सरळ होतो, रात्री तिथे हमखास कुणीतरी घसरतं. मला चैन पडेना, गावनकाशा काढून बघितला, तर वळणाच्या आतल्या बाजूला विहिरीची खूण. वाट विहिरीला वळसा घालून जायची. विहीर कधीच बुजवली, तिथे आता क्लबहाउस आहे, वाट डांबरी झाली पण वळसा घालायची सोडत नाही. भाचीला फोन करून सांगितलं तर म्हणाली, "आत्या, ते राहू दे, तिथे निदान स्पीडब्रेकर टाकायला कुणाला सांगायचं ते सांग."