अंगण त्यांचं, गाडी आमची

अंजर्ले, ता. दापोली. फेब्रुवारी सरत आलाय.

बुकिंग घेताना कॅराव्हॅनवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "मॅडम, कुणावर अवलंबून राहायचं कामच नाही. बेड आहे, गॅस आहे, फ्रिज आहे, बाथरूम आहे." आजचा अख्खा दिवस आम्ही भेटेल त्याच्यावर अवलंबून होतो.

सकाळी नळ नुसता खोकला आणि बंद पडला. टाकीतलं पाणी संपलं होतं. ज्या वाडीच्या अंगणात रात्री गाडी लावली होती, तिथल्या आजी फुलं काढत होत्या. पाणी भरू का, म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं, "किती लागतं?" शंभरेक लिटर, असं सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. कोकणात चार महिने पाऊस कोसळतो, पण जांभ्या दगडात पाणी ठरत नाही. एप्रिल-मे आला की इथल्याच कितीतरी वाड्या टँकरची वाट बघतात. आजींनी पंप लावून दिला. पैसे देऊ केले तर म्हणाल्या, "पाण्याचे घेत नाही. जेवणाचे घेते. घर घेऊनच फिरताय, मग आमच्याकडे जेवणार कोण?"

बोलल्या हसत, पण हिशेब चोख होता. या गावांत चार पैसे येतात ते दोन खोल्या आणि घरगुती जेवण यांवर. आम्ही बेड पुण्याहून आणणार, किराणा पुण्याहून आणणार आणि इथं सोडून काय जाणार, तर सांडपाणी. त्यावरही तोड आजींनीच काढली. भांड्यांचं पाणी बादलीनं अळवात आणि केळीत ओतायचं, "आमच्या मोरीचंही तिकडेच जातं", आणि संडास घरचा वापरायचा. गाडीतल्याला कुलूप. राज्य सरकारनं 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्यात पाणी-वीज-सांडपाण्याची सोय असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. आमच्या वाटेवर त्याची सोय म्हणजे आजींचं अळू.

वाडीत हिंडताना त्यांनी सुपारीची नवी रोपं दाखवली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास ते किनाऱ्याला लागलं, पण दापोली-मंडणगडलाही त्यानं झोडपून काढलं. एका दुपारीत वाडी आडवी झाली. सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, तोवर त्या जागेत काय घ्यायचं हा त्यांचा रोजचा प्रश्न. पडलेल्या माडांचे बुंधे अजून कडेला रचून ठेवलेत, त्यावर मिरीचे वेल सोडलेत.

मग कड्यावरचा गणपती. उजव्या सोंडेचा. मूळ देऊळ खाली किनाऱ्यावर होतं, समुद्र चढत आला तेव्हा देव उठून कड्यावर गेला आणि वाटेत त्याचं पाऊल उमटलं, अशी आख्यायिका. आईंचे (म्हणजे सासूबाईंचे) गुडघे दुखतात, तरी त्या पायऱ्यांच्या पाखाडीनंच चढल्या. वरून खाडीपलीकडचा सुवर्णदुर्ग दिसला. आंग्र्यांचं हे बळकट ठाणं 1755 साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजींकडून घेतलं. त्या सौद्यात मराठी आरमाराचं भलं झालं असं मला कधीच वाटलं नाही, पण हा वाद नवऱ्याशी गाडीत चांगला अर्धा तास रंगला.

जेवायला आजींकडे. डाळिंबीची उसळ, केळफुलाची भाजी, सोलकढी, आणि वर उकडीचे मोदक. चतुर्थी नव्हती काही नव्हती. "गणपतीच्या गावात आलायत" एवढंच कारण.

दुपारी मुरुडला निघालो तो गल्लीच्या तोंडाशीच अडकलो. गाडी दहा फुटांच्या वर, तिच्या डोक्यावर एसीचं खोकं, आणि समोर केबलची तार पार खाली झोळ घेतलेली. ड्रायव्हरकाका उतरून नुसते बघत राहिले. एका पोरानं घरातून आंबे काढायची आकडी आणली, कुंपणाच्या गडग्यावर चढला आणि तार अलगद वर धरली. आम्ही इंच-इंच सरकत होतो आणि तो ओरडत होता, "येऊद्या, येऊद्या... थांबा! आता येऊद्या!" पुढच्या तारेलाही तो पळत आलाच. हे रस्ते बैलगाडीच्या बेतानं पडलेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

मुरुडला आईंना जायचंच होतं. त्या हिंगण्याच्या वसतिगृहात राहून शिकल्या, आणि हे ती संस्था काढणाऱ्या अण्णांचं, धोंडो केशव कर्व्यांचं गाव. सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा इथून साताऱ्याला शंभराहून जास्त मैल चालत गेला, आणि परीक्षा घेणाऱ्यांनी वय कमी दिसतं म्हणून बसूच दिलं नाही. गोष्ट मला पाठ आहे. आईंनी ती तरीही पुन्हा सांगितली, मधला घाट न गाळता.

चारला हर्णै. खोल पाण्यात नांगरलेल्या होड्यांकडे बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात शिरतात, मासळीच्या टोपल्या घेऊन वाळूवर येतात, आणि तिथल्या तिथे लिलाव. बर्फाच्या गाड्या, बगळे, कुत्री, चिखल. एक कोळीण सुरमईचा कल्ला बोटानं उचलून आतला लाल रंग बघायची, मान नाही म्हणून हलवायची आणि पुढच्या ढिगाकडे जायची. चौथ्या ढिगापाशी थांबली तशी आजूबाजूच्या चौघीजणीही थांबल्या. नवऱ्यानं तिच्याकडूनच सुरमई घेतली. घासाघीस करायला गेला, तर ती म्हणाली, "दादा, घ्यायची तर घ्या, माझी गाडी सुटते." घेतली.

आता ही शिजवायची कुठे? आजींनी सकाळीच बजावलं होतं, "गाडी तुमची, पण अंगण माझं. मासळी नको." आणि गाडीच्या करारात मालकानं मांसाहारी स्वयंपाकाला मनाई लिहिलेली. शेवटी बंदराच्या वर मोकळ्या जागेत गाडी लावली, गॅसची छोटी शेगडी बाहेर दगडावर मांडली. आई पाठ करून केळं खात बसल्या. हळद, तिखट, कोकमाचं आगळ, तांदळाचं पीठ. गाडीतला तो चकचकीत ओटा दिवसभरात फक्त कापलेल्या माशांची पाटी ठेवायला उपयोगी पडला, आणि पाटी गळली.

ड्रायव्हरकाकांनी ओटा पुसला, हुंगून बघितला, परत पुसला. मग म्हणाले, "वासाचं मालकाला काय सांगायचं ते पुण्यात बघू," आणि दुसरी तुकडी घेतली.